शेवटच्या पानावरचं कारण

अमेरिकेला मी कधी गेलो नाही. लांबचा प्रवास म्हणजे हैदराबाद, तोही पॅसेंजरनं. पण एक काळ असा होता की अमेरिकेतल्या कोणत्या खुन्यानं कुठं कुठं प्रेतं पुरली, हे अख्ख्या नांदेडात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बायको म्हणायची, "यांना घरातली साखर कोणत्या डब्यात हाय ते इचारा, न्हाई सांगता यायचं." खरंच नसतं आलं.

नोकरी एका मासिकात होती. नाव सांगत नाही, कारण मालकांची नातवंडं आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांना उगीच लाज. मुखपृष्ठावर सुरा, रक्त आणि तोंड वासलेली बाई. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं ते मागच्या दोरीला टांगलेलं असायचं. मागणारा हळू आवाजात मागायचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा. लोक तोंडावर नावं ठेवायचे, तरी अंक मुदखेड, नायगाव, देगलूर करत पार लातूर-उदगीरपर्यंत जायचा. नायगावला एक हेडमास्तर पोथीच्या आत ठेवून वाचायचे. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा घाईनं पोथीच मिटली त्यांनी, आणि ओळख पटल्यावर मला म्हणाले, पुढच्या महिन्यात कोण हाय?

माझं काम भाषांतराचं. मालक दोन महिन्यांतून एकदा हैदराबादला जायचे आणि रविवारच्या फुटपाथ बाजारातून जुनी इंग्रजी मासिकं, जाड्या जाड्या चोपड्या वजनावर आणायचे. त्यातून मी एकेक खुनी निवडायचो. एकाच खुनाचा माणूस चालत नसे. तसले आपल्याकडं बांधावरून भांडणारे पुष्कळ होते. मालकांना हवा असायचा तो एकामागून एक खून करत जाणारा, मधल्या काळात नोकरीवर वेळेवर हजर राहणारा, शेजाऱ्यांना गवत कापायला मदत करणारा. असला माणूस अमेरिकेत इतका कसा पिकतो याचं मला पहिलं वर्षभर नवल वाटलं. नंतर सवय झाली.

वाचकाला तिथं नेऊन बसवणं हे खरं कसब. बर्फात प्रेत सापडलं असं लिहिलं की नायगावच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर रसवंतीवरचा, भुशातला बर्फ यायचा. मग मी दोन ओळी घालायचो की तिथं वरून पडतो, गुडघाभर साचतो, महिना महिना हलत नाही. तळघर म्हणजे काय ते सांगायला धान्य साठवायच्या पेवाची आठवण करून द्यावी लागे. नावं मी गाळायचो, ती वाचकाच्या जिभेवर बसत नसत. त्याऐवजी कामावरून ओळख द्यायची. पोरांच्या वाढदिवसाला विदूषक होऊन जाणारा. लंगडल्याचं सोंग करून पोरींकडं मदत मागणारा. पोलिसांना पत्रं लिहून डिवचणारा, जो शेवटपर्यंत सापडलाच नाही. या न सापडलेल्यावरून वाचक माझ्यावरच चिडले. एकानं कार्ड टाकलं, तुम्ही नीट शोधलं नाही.

आणि शेवटच्या पानावर असायचं ते माझं खास सदर, 'तो असा का झाला?' ही मालकांची कल्पना. मालक म्हणजे बाबाराव, धोतर-कोटातला माणूस, स्वतः कधी मुंगी मारली नसेल. ते म्हणायचे, "लोकाला कारण द्या. खून वाचून माणूस घाबरतो. कारण वाचलं की त्याला वाटतं, आपल्या घरात असं काई न्हाई, आणि निवांत जेवतो."

आता ही कारणं कशी तयार व्हायची ते सांगतो, कारण तिथंच सगळी मेख आहे. छपाई खिळ्यांची होती. हफीजभाई नावाचे आमचे कंपोझिटर शिशाचं एकेक अक्षर जुळवून पान उभं करायचे. पान भरत आलं की ते चष्मा कपाळावर ढकलून हाक मारायचे, "साब, आठ लाइनां कम पडरे." मग मी आठ ओळींचं बालपण लिहायचो. चार ओळी कमी पडल्या तर बाप दारू प्यायचा. आठ पडल्या तर आई घर सोडून जायची. बारा पडल्या तर सावत्र बाप यायचा आणि कोंडून ठेवायचा. मूळ चोपडीत थोडंफार काही असायचं, डोक्याला मार लागला होता, मार खात वाढला, वगैरे. कधी काहीच नसायचं. चांगले आईबाप, चांगलं घर. त्याच घरात वाढलेला भाऊ पोस्टात नोकरी करून सुखानं निवृत्त झालेला असायचा. त्या भावावर मी कधी एक ओळ लिहिली नाही, कारण त्यानं कारणाचा बट्ट्याबोळ व्हायचा.

हफीजभाई एकदा म्हणाले, "साब, ये अम्रीकावालों की माँ हर बार खराबच कैसे निकलती?" मी म्हटलं, जागा भरायची असते हफीजभाई. ते हसले आणि खिळे जुळवत राहिले. फार सुखाचे दिवस होते ते. मशीनचा आवाज, शाईचा वास, दुपारी तिघांनी मिळून खाल्लेली मिरचीची भजी. मला वाटायचं, लेखक म्हणतात तो मीच.

मग भूकंप झाला. आमच्याकडं भांडी वाजली, भिंतीला चीर गेली, तेवढंच. लातूरकडं किल्लारीच्या पट्ट्यात काय झालं ते उजाडल्यावर कळायला लागलं. भाकऱ्यांच्या ट्रकबरोबर मी एकदा जाऊन आलो. दगडमातीच्या जाड भिंती जागच्या जागी बसल्या होत्या आणि माणसं त्याखाली. परत आलो तेव्हा मालकांनी विचारलं, काय बघितलं? मी म्हटलं, भाकऱ्या कमी पडल्या.

अंक मात्र काढायचाच होता. त्या महिन्यात शेवटच्या पानावर एका कापड दुकानाची दिवाळीची मोठी जाहिरात ठरलेली होती. दुकानदारानं ती मागं घेतली. म्हणाला, इतकी माणसं मेली, मी कोणत्या तोंडानं सेल लावू? बरोबरच होतं त्याचं. पण आमचं पाऊण पान रिकामं झालं आणि हफीजभाई उभे राहिले, "साब, आज तो पूरा मैदान खाली है."

समोर उघड्या असलेल्या चोपडीत तीन खुणा दिल्या होत्या. पुष्कळ खुन्यांच्या लहानपणी त्या आढळल्या म्हणे. कळत्या वयातही अंथरूण ओलं करणं, आगीशी खेळणं, मुक्या जनावरांना छळणं. पान उलटल्यावर लगेच लिहिलं होतं की अशी मुलं घरोघर असतात, त्यावरून काही ठरवू नये. ते पान मी गाळलं. मजा जात होती. तीन खुणांनी जागा भरेना म्हणून पदरच्या चार घातल्या. कमी बोलणं, एकटं बसणं, रडू न येणं, वस्तू लपवून ठेवणं. वर मथळा टाकला, 'पालकांनो, आपलं मूल ओळखा'. पाऊण पान टकाटक भरलं आणि मी घरी जाऊन झोपलो.

उन्हाळ्यात, भर दुपारी, एक बाई छापखान्यात आली. पंचविशीची असेल. लातूरहून एस.टी.नं आली होती. पिशवीतून तिनं तो अंक काढला. शेवटचं पान इतकं हाताळलेलं होतं की घडीवर फाटलं होतं.

"लिहिणारे साहेब कोण हायत?"

मी म्हटलं, मीच. तिनं नमस्कार केला. ती मनातलं सगळं पाठ करून आली होती. तिची नणंद, नणंदेचा नवरा आणि त्यांची लहान मुलगी भूकंपात गेली. त्यांचा नऊ वर्षांचा दत्ता वाचला, कारण गणपती बुडवून आल्यावर तो आजोबांबरोबर शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या छपरात झोपला होता. पुढं आजोबाही गेले. आता तो मामा-मामीकडं होता. ही मामी, सुमनबाई. नवरा एका शाळेत शिपाई.

"सातच्या सात हायत बघा त्याच्यात," ती म्हणाली. "अंथरुणात मुततो. काड्यापेटी सापडली की एकेक काडी वढत बसतो. बोलत न्हाई, एकटाच बसतो, वस्तू दडवून ठिवतो. माय मेली तरी रडला न्हाई. आन् मांजरीचं पिल्लू दगडाखाली घालून राहिला रोज. घरात माझी लेक दीड वर्षाची हाय. ह्यांनी सरकारी बालगृहाचा कागद भरला. सोमवारी नेऊन सोडायचं हाय." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला न्हाई सोडायचं. नणंद बहिणीवाणी व्हती माझी. पर तुमी खुणा लिहिल्या, औषध लिहिलंच न्हाई. त्येच इचारायला आले."

मी खुर्चीतून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा वाचक समोर उभा होता आणि मला पळून जावंसं वाटत होतं. मी तिला सरळ सांगितलं की चार खुणा माझ्या मनच्या आहेत आणि उरलेल्या तीनचं पुढचं पान मी गाळलं. तिनं ऐकून घेतलं. मग अंकावर बोट ठेवून म्हणाली, "पर छापलेलं हाय की."

रात्री ती आमच्या घरीच थांबली, आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत लातूरला गेलो. मामाला भेटून समजवावं असा इरादा होता. तो शाळेत होता. मागच्या अंगणात दत्ता उकिडवा बसलेला. खडकाळ मातीत एक खळगा, त्यावर चार-पाच दगड रचलेले. आतून पिल्लू ओरडत होतं आणि पोरगं पुटपुटत होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? शंभर खुनी लिहिलेला माणूस मी.

मी शेजारी बसलो. म्हटलं, काय करून राहिलास रे?

"मोजून राहिलो."

"काय?"

"किती येळ ऱ्हातंय जितं ते." त्यानं एकेक दगड सावकाश बाजूला केला, पिल्लू काढलं, सदऱ्यात घेतलं, त्याच्या डोळ्यांतली माती फुंकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "चिमीला दुपारी काढलं. सकाळी वरडत व्हती ती. म्या ऐकलं. म्या सांगितलं सगळ्यायला. माणसं म्हणली, आदी हिकडचं काढू."

चिमी म्हणजे त्याची बहीण. काड्या कशाला ओढतो ते मी विचारलं नाही. त्या गावात कितीक चिता एकदम पेटल्या होत्या, त्या मीही पाहिल्या होत्या. सुमनबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. दत्ता तिच्याकडं बघत राहिला, पिल्लू पोटाशी धरून.

डोळे पुसल्यावर ती जे म्हणाली ते मला अजून आठवतं. "भाऊ, मला पटलं. पर ह्यांच्या हातात काय दिऊ? ह्ये छापलेलं मानतेत. तसंच छापून द्या, का ही पोरं तसली नसतेत म्हणून."

नांदेडला येऊन मी मालकांपुढं उभा राहिलो. म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. बाबाराव माणूस चांगले, पण धंद्याच्या बाबतीत पक्के. म्हणाले, "एकदा चुकलो म्हटलं की मागचे सगळे अंक खोटे ठरतात. न्हाई." शुक्रवार होता आणि सोमवारी पोरगं जाणार होतं. मी हफीजभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बिडी पेटवली, ओढून संपवली. मग म्हणाले, "मालिक को पूरे अंकां का फिकर है ना? अपन एकच अंक छापेंगे."

अंक नुकता छापून झाला होता. त्यातली एक प्रत घेऊन हफीजभाईंनी शेवटचं पान पिनेतून अलगद सोडवलं. त्याच्या पाठीमागच्या मजकुराचे जुळवलेले खिळे होते तसे ठेवून त्यांनी पुढची बाजू नव्यानं जुळवली. मजकूर मी लिहिला. चोपडीतलं ते गाळलेलं पान घातलं असतं तर काम झालं असतं. पण माझा हात तसा वळला नव्हता. मला वाटलं, एवढ्यानं शिपायाला काय पटणार? म्हणून मी अमेरिकेत एक मोठा डॉक्टर उभा केला. संकटातून वाचलेल्या एका मुलात सातही खुणा होत्या, आणि मामा-मामीनं माया केल्यावर तो अग्निशामक दलात भरती होऊन शेकडो जीव वाचवणारा झाला, असं त्याच्या तोंडी घातलं. मामा-मामी अमेरिकेत कुठले? पण घातले. हफीजभाईंनी ते पान कोऱ्या कागदावर दोन्ही बाजूंनी हातानं दाबून छापलं, वाळवलं, पिनेत बसवलं. तसूभरही फरक दिसत नव्हता.

शनिवारी ती प्रत मी लातूरला पोचवली. मामानं ओट्यावर बसून शब्दावर बोट ठेवून ती वाचली, दोनदा. मग बालगृहाचा कागद आणला आणि फाडला. सुमनबाईनं मला चहाबरोबर शिरा दिला. एकच प्रत निघालेलं ते माझं लेखन, आणि आयुष्यात तेच सगळ्यात चांगलं असं मी पुढची कितीतरी वर्षं मानत आलो. हफीजभाई वारले तेव्हा त्यांच्या मुलांनाही मी अभिमानानं हीच गोष्ट सांगितली.

टीव्हीवर खून फुकट दिसायला लागले तसं मासिक बंद पडलं. मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात पोरांची जर्नलं तपासायचं, टाइप करून द्यायचं काम केलं आणि रिटायर झालो. तोवर लातूरला क्लासेसचा सुकाळ झाला होता. माझी नात मेडिकलच्या परीक्षेसाठी तिथं राहिली, तशी मी आणि बायको तिच्यासाठी एक खोली घेऊन राहिलो. त्या गल्लीत सगळ्या घरांवर वर्गांचे फलक आणि खाली मेस. बायकोचे गुडघे दुखायला लागल्यावर मी डबा ठरवायला एका मेसमध्ये गेलो. दुपार टळली होती, पोरं क्लासला गेली होती. मालक तीस-पस्तिशीचा, अंगानं जाड, पोळ्या मोजून डब्यात भरत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, परत पाहिलं.

"तुमी नांदेडचे ना? खुनाचं लिवायचे ते?"

दत्ता होता तो. मला इतका आनंद झाला की मी त्याचे दोन्ही हात धरले. त्यानं खुर्ची दिली, मठ्ठा दिला. मामा-मामी बरे होते. ज्या दीड वर्षाच्या पोरीसाठी मामी घाबरली होती तिचं लग्न दत्तानंच उभं राहून लावलं होतं. स्वतःलाही एक मुलगी. मी म्हटलं, "दत्ता, तुला ठाऊक न्हाई, पण तुझ्यासाठी आम्ही एक अंक छापला होता."

"ठाऊक हाय की," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं. घरातले दोन्ही अंक तो दहाव्या वर्षी वाचून बसला होता. पुढं कधीतरी कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसला असताना त्यातल्या दुसऱ्या अंकाची आणखी एक प्रत हाताला लागली. मुखपृष्ठ तेच, आतलं सगळं तेच. शेवटच्या पानावर मात्र त्या अग्निशामकवाल्याचं नावसुद्धा नव्हतं. तिथं भलताच मजकूर.

"म्या दोन दिस विचार केला," दत्ता म्हणाला. "मंग कळलं. मामाला समजवाया तुमी खोटं छापलं. म्हंजे पयलं व्हतं ते खरं."

तो शांतपणे डबे भरत होता. रागावलेला अजिबात नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"लई वर्सं वाट बघितली म्या," तो म्हणाला. "कवा हुतो तसा. रोज सोताला बघायचो. भाजी चिरताना सुरी हातात आली तरी ठिवून द्यायचो. लगीन करणार नव्हतो, मामीनं बळंच केलं. पोरगी झाली तर दीड महिना उचलली न्हाई तिला. बायकोला वाटलं, पोरगी नको व्हती ह्यांला. तिला काय सांगू?"

"मग?"

"एक दिस ती पाण्याला गेली. पोरगी कोकलायली. घरात कोनी न्हाई. घ्यावी लागली." त्यानं झाकण लावून डबा माझ्यापुढं सरकवला. "काई झालं न्हाई. उगी झाली ती."

मग त्यानं हात पुसले आणि माझ्यासमोर बसला. "साहेब, आता खरं सांगा. तुमी एवढे लिवले. ती माणसं तशी का व्हत असतेत?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. मार खाल्लेले आठवले, लाडात वाढलेले आठवले, आणि ते पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे भाऊ आठवले. शेवटी म्हणालो, "मला ठाऊक न्हाई, दत्ता. कुणालाच नीट ठाऊक न्हाई."

त्यानं माझा मठ्ठ्याचा रिकामा पेला उचलला.

"मंग एवढंच छापायचं व्हतं की," तो म्हणाला.